आयन खो देतो तेव्हा: थंड प्लाझ्मामधल्या टकरी कॉम्प्युटरवर कशा मांडतात

ज्यांना हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लेखी आवृत्ती. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, आकडे नीट लिहिले आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय थंड प्लाझ्मा, आणि त्यातला एक छोटासा कोपरा. हेलियम किंवा आर्गॉनसारख्या वायूत आयन आणि अणू एकमेकांना धडकतात तेव्हा नेमकं काय होतं, आणि ते कॉम्प्युटरवर मांडायचं कसं? मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक केलं, नोकरीत वेगळंच कोड लिहितो, पण सुट्टीच्या दिवशी भौतिकशास्त्राची छोटी छोटी सिम्युलेशन्स लिहायचा नाद आहे. हा विषय मला आवडतो, कारण इथे टकरीचा एक प्रकार कोडमध्ये घ्यायचा राहिला तर उत्तर दहा टक्क्यांनी चुकत नाही, थेट दुपटीने चुकतं. आणि ते उत्तर कुठे वापरतात? जखमेवर प्लाझ्मा फिरवताना, चिपवर खाचा कोरताना. म्हणजे चुकलेलं परवडणारं नाही.

प्लाझ्मा थंड असतो म्हणजे काय?

शाळेत आपण शिकलो की प्लाझ्मा ही पदार्थाची चौथी अवस्था. सूर्य, वीज, वेल्डिंगची ठिणगी. सगळं भाजून काढणारं. मग त्वचेवर लावता येईल असा प्लाझ्मा कसा काय असतो?

उत्तर असं की प्लाझ्मात एकच तापमान असलं पाहिजे असा काही नियम नाही. थंड प्लाझ्मात इलेक्ट्रॉन्सचं तापमान वेगळं आणि वायूचं वेगळं. इलेक्ट्रॉन्सची सरासरी ऊर्जा एक ते तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट तापमान म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन, म्हणजे इलेक्ट्रॉन वीस-तीस हजार अंशांवर आणि त्यांच्या शेजारचे अणू खोलीच्या तापमानाला.

हे टिकतं कसं? वस्तुमानातल्या फरकामुळे. हेलियमचा अणू इलेक्ट्रॉनपेक्षा साधारण ७,३०० पट जड. पिंगपाँगचा चेंडू ट्रकवर आपटला तर चेंडूची दिशा बदलते, ट्रकला पत्ताही लागत नाही. साध्या लवचिक टकरीत इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा सरासरी साडेतीन हजारावा हिस्सा फक्त अणूला देतो. म्हणून इलेक्ट्रॉन तापलेला राहतो आणि वायू थंड.

जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला विकसित झालेलं 'किनपेन मेड' नावाचं उपकरण २०१३ मध्ये वैद्यकीय उपकरण म्हणून प्रमाणित झालं. ते आर्गॉनवर चालतं. पेनासारखं हातात धरायचं, टोकातून प्लाझ्माची बारीक ज्योत बाहेर येते आणि ती जखमेवरून फिरवायची. त्वचा भाजत नाही.

आता इलेक्ट्रॉन्सचं आपण बोललो. तिसरा गडी राहिला: आयन. इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, धनप्रभारित. विद्युत क्षेत्र त्यालाही ओढतं. तो जड आहे, जाऊन कशावर आदळला तर काहीतरी करू शकतो. मग तो गरम असतो की थंड? हा प्रश्न टकरींशिवाय सुटत नाही.

आयन आणि अणू: सारख्याच गोट्या

आयनचं वस्तुमान अणूएवढंच. इथे ट्रक आणि चेंडू नाही, इथे दोन सारख्या गोट्या. गोट्या खेळलेल्यांना आठवेल: धावती गोटी थांबलेल्या गोटीला नाकासमोर लागली तर पहिली जागीच थांबते आणि दुसरी सुटते. सगळी ऊर्जा दुसरीकडे. तिरकी लागली तर वाटून घेतात. टकरीनंतर सगळ्या दिशा सारख्याच संभाव्य धरल्या (अर्थात दोघांच्या मध्यबिंदूवरून बघताना), तर आयन सरासरीने निम्मी ऊर्जा गमावतो. कुठे साडेतीन हजारावा हिस्सा आणि कुठे निम्मी!

म्हणजे आयन थंड राहणार हे इथेच जवळपास ठरलं. पण गोष्ट इथे संपत नाही.

१९०५ मध्ये पॉल लँजेव्हिन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने आयन वायूतून किती वेगाने सरकेल याचं गणित मांडलं. कल्पना सोपी आहे. आयन जवळ आला की अणूभोवतीचा इलेक्ट्रॉनचा ढग थोडा त्याच्याकडे ओढला जातो. अणू किंचित वाकडा झाला, की आयन आणि अणू एकमेकांना खेचू लागतात. ढग जितका सैल, तितकी ओढ जास्त. हेलियमचा ढग फार घट्ट. झेनॉनचा त्याच्या जवळजवळ वीस पट सैल. या ओढीवरून 'मोबिलिटी' काढता येते. मोबिलिटी म्हणजे एकक विद्युत क्षेत्रात आयन सरासरी किती वेगाने पुढे सरकतो ते.

हेलियमच्या आयनसाठी हेलियम वायूत लँजेव्हिनचं सूत्र वापरलं तर प्रमाणित घनतेला मोबिलिटी येते सुमारे २१.७ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद. प्रत्यक्षात मोजलेली किंमत आहे सुमारे १०.४. निम्म्याहूनही कमी! आयनला कुणीतरी मागे ओढतंय. कोण?

खो!

खो-खो सगळ्यांनी खेळलाय. आठ जण रांगेत बसलेले, नववा पाठलाग करतोय. तो धावत येतो, बसलेल्याच्या पाठीवर थाप मारतो, 'खो' म्हणतो. आता पाठलाग करायची जबाबदारी दुसऱ्याची. आणि हा दुसरा बसल्या जागेवरून, शून्य वेगापासून सुरुवात करतो.

हेलियमचा आयन हेलियमच्या अणूजवळून जातो तेव्हा अगदी हेच होतं. आयनकडे एक इलेक्ट्रॉन कमी आहे. अणूकडे दोन आहेत. अणूवरून इलेक्ट्रॉन उडी मारून आयनवर गेला, की पहिला झाला अणू आणि दुसरा झाला आयन. त्यासाठी लागणारी ऊर्जा? शून्य. कारण जे २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इलेक्ट्रॉन काढायला लागतात, तेवढेच तो पलीकडे बसताना परत मिळतात. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे, हिशेब तंतोतंत जुळतो. याला रेझोनंट चार्ज एक्स्चेंज म्हणतात. आपण याला 'खो' म्हणू.

शाळेच्या पुस्तकात या वायूंना निष्क्रिय वायू म्हटलंय, कारण ते कुणाशी इलेक्ट्रॉनची देवघेव करत नाहीत. स्वतःच्या आयनशी मात्र ते एका क्षणात करतात. त्यासाठी दोघांनी एकमेकांना नीट धडकायचीही गरज नसते. जवळून गेलं तरी पुरतं. त्यामुळे खो मिळण्याचं 'क्षेत्रफळ' साध्या टकरीच्या मानाने मोठं असतं. आणि आयन जितका हळू, तितका तो अणूजवळ जास्त वेळ रेंगाळतो आणि खो मिळण्याची शक्यता वाढते.

खो-खोशी एक फरक आहे आणि तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. मैदानात खो देणारा खाली बसतो. वायूत खो देणारा बसत नाही. तो आपल्या वेगाने तसाच पळत राहतो, फक्त आता त्याच्यावर प्रभार नाही, त्यामुळे विद्युत क्षेत्र त्याला ओढू शकत नाही. म्हणजे एका वेगवान आयनच्या जागी आपल्याला मिळाला एक वेगवान अणू आणि एक संथ आयन.

आता १०.४ का, ते कळलं. विद्युत क्षेत्र बिचारं आयनला पळवत आणतं, तो वेग घेतो, आणि तेवढ्यात खो. पुन्हा जवळपास शून्यापासून सुरुवात.

कोडमध्ये खो कसा लिहायचा?

इथे एक अडचण आहे. टक्कर झाल्यावर कण कोणत्या कोनात जाईल, हे क्वांटम गणिताने काढता येतं. पण त्या कोनांचा तक्ता प्रत्येक ऊर्जेसाठी वेगळा आणि किचकट असतो. कोट्यवधी टकरी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वेळी तो उघडत बसणं महाग पडतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आयन आणि अणू एकाच जातीचे असल्यामुळे, 'आयन उलटा फिरला' आणि 'आयन सरळ गेला पण वाटेत खो दिला' या दोन गोष्टी कमी ऊर्जेला वेगळ्या ओळखताच येत नाहीत. दोघांच्या मध्यबिंदूवर उभं राहून बघा. डावीकडून आयन येतोय, उजवीकडून अणू. इलेक्ट्रॉनने उडी मारली, दोघे आपापल्या वाटेने पुढे गेले. आता आयन कोण? जो डावीकडे चाललाय तो. बघणाऱ्याला वाटणार, आयन आपटून मागे फिरला. त्यामुळे कुणी एका तक्त्यातून लवचिक टकरीचे आकडे घेतले, ज्यात हा भाग आधीच धरलेला आहे, आणि वर खोचे आकडे वेगळे जोडले, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. कोड चालतं, एरर येत नाही, उत्तर चुकीचं.

१९९४ मध्ये ए. व्ही. फेल्प्स यांनी आर्गॉनसाठी यावर एक सुटसुटीत तोडगा मांडला. ते म्हणाले, आयनच्या टकरीचे फक्त दोन प्रकार धरा. पहिला: टकरीनंतर आयन कुठल्याही दिशेला जाईल, सगळ्या दिशा सारख्या. दुसरा: आयन पूर्ण उलटा फिरेल. बस.

मग या दोघांचं प्रमाण कसं ठरवायचं? संवेगाच्या हिशेबाने. टकरीत आयनने पुढे जाण्याचा जोर किती गमावला, याला वजन दिलं जातं. सरळ पुढे गेला तर वजन शून्य. सगळ्या दिशा सारख्या असतील तर सरासरी वजन एक. पूर्ण उलटा फिरला तर दोन. म्हणून पहिल्या प्रकाराचं क्षेत्रफळ अधिक दुसऱ्याच्या क्षेत्रफळाची दुप्पट, यांची बेरीज प्रयोगातून आलेल्या संवेगाच्या क्षेत्रफळाएवढी आली पाहिजे. सगळे बारीक कोन फेकून दिले, पण आयनच्या सरकण्याचा वेग ज्यावर अवलंबून असतो तो मुख्य आकडा जपला. इंजिनिअरला आवडावी अशी ही तडजोड आहे: काय टाकून दिलं आणि काय राखलं हे स्पष्ट माहीत असलेली. फेल्प्स यांचे हे तक्ते एलएक्सकॅट या खुल्या संकेतस्थळावर मिळतात, कुणीही उतरवून घेऊ शकतं.

आणि कोडमध्ये 'उलटा फिरला' हे लिहायला किती ओळी? एक. दोघांचं वस्तुमान सारखं, त्यामुळे आयनचा नवा वेग म्हणजे त्या अणूचा टकरीआधीचा वेग. आयनच्या वेगाच्या व्हेरिएबलमध्ये अणूचा वेग ठेवायचा. खो दिला.

फुसकी टक्कर

आता टक्कर कधी होणार हे कसं ठरवायचं? आयन दर सेकंदाला किती वेळा धडकेल हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: वायूची घनता, टकरीचं क्षेत्रफळ आणि वेग. पण क्षेत्रफळ स्वतःच वेगाबरोबर बदलतं. म्हणजे प्रत्येक आयनसाठी, प्रत्येक टप्प्याला, तक्ता बघा, घातांक काढा, रँडम नंबर टाका. दहा लाख कण असतील तर लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो.

यावरची युक्ती एच. आर. स्कुलेरुड यांच्या १९६८ च्या लेखातून आली, आणि तो लेख मुळात विद्युत क्षेत्रात सरकणाऱ्या आयन्सबद्दलच होता. युक्ती अशी. सगळ्या वेगांमध्ये टकरीचा दर जास्तीत जास्त किती असू शकतो ते एकदाच काढून ठेवा. मग सगळ्या आयन्सना तोच कमाल दर लागू आहे असं समजा. प्रत्येक टप्प्याला त्या दराने जेवढे आयन धडकतील तेवढेच यादृच्छिकपणे निवडा. दहा लाखांतले समजा पाच हजार. फक्त या पाच हजारांसाठी खरा दर बघायचा आणि रँडम नंबर टाकायचा. नंबर पहिल्या पट्ट्यात पडला तर सर्व दिशांची टक्कर, दुसऱ्यात पडला तर खो, आणि उरलेल्या पट्ट्यात पडला तर काहीच झालं नाही. ही तिसरी म्हणजे 'नल कोलिजन'. मी तिला फुसकी टक्कर म्हणतो. दिवाळीतल्या फुसक्या लवंगीसारखी: वात पेटली, आवाज नाही, पुढे चला.

ज्यांनी रिजेक्शन सँपलिंग केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. तेच आहे. काही अंदाजाने काढलेलं नाही, गणित बरोबर बसतं आणि काम कितीतरी पटींनी वाचतं.

एक बारकावा सांगतो. आयनच्या टकरीत समोरच्या अणूलाही त्याचा स्वतःचा उष्णतेचा वेग द्यायला हवा. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत अणू स्थिर धरला तर चालून जातं, कारण इलेक्ट्रॉन इतका वेगवान. संथ आयनच्या बाबतीत चालत नाही. खो मिळाल्यावर आयनला अणूचाच वेग मिळतो. अणू सगळे स्थिर धरले तर वायूचं तापमान शून्य केल्विन धरल्यासारखं होईल.

उत्तर बरोबर आहे हे कळणार कसं?

नोकरीत आपण युनिट टेस्ट लिहितो. इथेही लिहायची. चांगली गोष्ट ही की खोसाठी एक कागदावर सुटणारं उदाहरण आहे.

समजा वायू पूर्ण थंड, विद्युत क्षेत्र सगळीकडे सारखं, फक्त खो होतो आणि त्याचं क्षेत्रफळ वेगाबरोबर बदलत नाही. दोन खोंच्या मध्ये आयन सरासरी जेवढं अंतर कापतो त्याला सरासरी मुक्त पथ म्हणू. शून्यापासून सुरू झालेला आयन तेवढ्या अंतरात क्षेत्राकडून जी ऊर्जा घेतो, तीच त्याची खो देतानाची सरासरी ऊर्जा. क्षेत्र गुणिले मुक्त पथ, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये थेट उत्तर.

पण मधेच सिम्युलेशन थांबवून सगळ्या आयन्सची त्या क्षणाची सरासरी ऊर्जा काढली तर ती याच्या बरोबर निम्मी येते! बग वाटतो, पण नाही. संथ आयनला तेच अंतर कापायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे एका क्षणाच्या फोटोत संथ आयन जास्त सापडतात. लिहिलेल्या कोडने हे दोन्ही आकडे बरोबर दिले तर समजायचं खोची ओळ जागेवर आहे.

मोठ्या कोडसाठी मोठी टेस्टही आहे. २०१३ मध्ये माइल्स टर्नर आणि सहकाऱ्यांनी हेलियमच्या प्लाझ्मासाठी चार नमुना गणितं ठरवून दिली. दोन समांतर पट्ट्या, मध्ये ६.७ सेंटिमीटर अंतर, १३.५६ मेगाहर्ट्झचा व्होल्टेज, दाब ३० मिलिटॉरपासून १००० मिलिटॉरपर्यंत. वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या पाच कोड्सनी ती सोडवली आणि उत्तरं जुळली. आयनसाठी त्यातही हेच दोन प्रकार वापरलेत, सर्व दिशा आणि उलटा. आज कुणी असं नवं कोड लिहिलं तर आधी ही चार गणितं सोडवून दाखवायची पद्धत पडली आहे.

एकच खो, दोन जगं

आता या सगळ्याचा उपयोग. दोन ठिकाणं घेऊ.

पहिलं, चिप बनवणारं यंत्र. आर्गॉन, दाब सुमारे १ पास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या लाखाव्या हिश्शाएवढा. इथे आयनचा सरासरी मुक्त पथ सुमारे ४ मिलीमीटर. सिलिकॉनच्या चकतीसमोर प्लाझ्माचा जो पातळ पट्टा असतो, जिथे विद्युत क्षेत्र जोरात असतं, त्याची जाडीही मिलीमीटरांतच. म्हणजे बरेच आयन एकही टक्कर न होता थेट चकतीवर आदळतात, शंभर-शंभर इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन, सरळ रेषेत. म्हणून सरळ उभी खाच कोरता येते. काहींना मात्र वाटेत खो मिळतो. नवा आयन पट्ट्याच्या मधूनच सुरुवात करतो, म्हणून कमी ऊर्जा घेऊन पोचतो. आणि आपला तो खो देऊन पळणारा अणू आठवतोय ना? तोही चकतीवर आदळतो, मिळवलेली ऊर्जा घेऊन. बऱ्याच कोड्समध्ये आयनचा वेग बदलला की तो अणू विसरला जातो. प्लाझ्माची घनता काढायची असेल तर ते चालतं. चकतीवर एकूण मार किती बसला हे काढायचं असेल तर चालत नाही, हिशेबातून ऊर्जा गायब होते.

दुसरं ठिकाण, त्वचेवरची हेलियमची ज्योत. हवेच्याच दाबावर. एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे अडीच लाख कोटी कोटी अणू. इथे हेलियमच्या आयनचा मुक्त पथ साधारण ०.१४ मायक्रोमीटर. केसाच्या जाडीच्या काहीशेव्या हिश्शाएवढा. एक मिलीमीटर पुढे जायचं तर सात हजारांच्या आसपास टकरी. क्षेत्र अगदी दर सेंटिमीटरला १० किलोव्होल्ट धरलं, तरी दोन टकरींच्या मध्ये आयन ०.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच मिळवतो. शरीरातल्या रेणूंमधला साधा कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीनच्या वर लागतात.

म्हणजे विद्युत क्षेत्र कितीही ओढाताण करो, आयन मोठ्या वेगाने त्वचेवर आदळत नाही. खो त्याला आदळू देत नाही. पण म्हणून आयन निरुपद्रवी असं समजू नका. आयनकडे वेगाशिवाय आणखी एक ठेव आहे: हरवलेला इलेक्ट्रॉन परत मिळवताना सुटणारी ऊर्जा. हेलियमच्या आयनकडे ती २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. वेग मेला तरी ही ठेव शाबूत असते. मग प्रश्न वेगाचा राहत नाही, पोचणारा आयन कोण आहे याचा होतो.

आयन कोण आहे?

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १९३० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये आर्थर टिंडल आणि सेसिल पॉवेल वायूंमधल्या आयन्सची मोबिलिटी फार काळजीपूर्वक मोजत होते. हेच पॉवेल पुढे १९५० चे नोबेल विजेते, पण वेगळ्या कामासाठी. हेलियमसाठी त्यांना मिळालेली किंमत लँजेव्हिनच्या सूत्राच्या घरात होती. मग १९३४ मध्ये मॅसी आणि मोर यांनी क्वांटम गणिताने खो धरून हिशेब केला, तर उत्तर आलं जवळपास निम्मं. प्रयोग एक सांगतोय, गणित दुसरं. कोण चुकलं?

कुणीच नाही. १९५१ मध्ये बेल लॅब्जमध्ये हॉर्नबेक यांनी दाखवलं की हेलियममध्ये दोन वेगळे आयन असतात. एक संथ, तो अणूचा आयन. दुसरा जलद, तो दोन हेलियम मिळून बनलेला रेणूचा आयन. आधी मोजला गेला होता तो दुसरा.

आता गंमत बघा. रेणूचा आयन दुप्पट जड. तरी तो जास्त वेगाने सरकतो: त्याची मोबिलिटी सुमारे १६.७, अणूच्या आयनची १०.४. का? कारण त्याला खो देता येत नाही. समोर असतात साधे हेलियम अणू, आणि त्यांच्यातल्या एकाने इलेक्ट्रॉन दिला तरी ऊर्जेचा हिशेब जुळत नाही. त्याची जात वेगळी. खो चुकला, म्हणून वाट मोकळी.

आणि हवेच्या दाबावर हे रूपांतर किती पटकन होतं? अणूचा आयन आणि दोन अणू एकत्र आले की रेणूचा आयन बनतो. तीन जण एकाच वेळी भेटायला हवेत, पण गर्दी इतकी की सुमारे १६ नॅनोसेकंदात काम होतं. त्यात बाजूच्या हवेतून नायट्रोजन घुसतो. दहा हजारांत एक भाग जरी नायट्रोजन असला तरी रेणूचा आयन मायक्रोसेकंदाच्या आत आपला प्रभार नायट्रोजनला देऊन टाकतो. नायट्रोजनच्या आयनकडची ठेव १५.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्वचेपर्यंत पोचणारा आयन मूळचा हेलियम असेलच असं नाही.

म्हणजे कमी दाबाच्या यंत्रासाठी लिहिलेलं हेलियमचं कोड, ज्यात एकच आयन आहे आणि खो आहे, ते दाबाचा आकडा बदलून ज्योतीला लावता येत नाही. कोड चालेल. एनर्जीचा ग्राफही सुंदर येईल. पण त्यातला आयन १६ नॅनोसेकंदांनंतर अस्तित्वातच नसेल.

टर्नर यांच्या नमुना गणितांबद्दलही हे ध्यानात ठेवायला हवं. पाच कोड्सची उत्तरं जुळली, याचा अर्थ पाचही जणांनी दिलेली समीकरणं नीट सोडवली. समीकरणांत भरलेले आकडे आणि आयनची यादी त्या विशिष्ट वायूला, त्या दाबाला लागू आहेत की नाही, हे प्रयोगच सांगणार. आपल्या धंद्यातही तेच: सगळ्या टेस्ट हिरव्या, पण रिक्वायरमेंटच दुसऱ्या क्लायंटची.

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाला हात घालून बघायचा असेल तर क्रम असा ठेवा. आधी दाब आणि वायू लिहा. मग त्या दाबाला कोणता आयन किती वेळ टिकतो ते कागदावर काढा. मग बघा, तो समोरच्या अणूला खो देऊ शकतो का. त्यानंतर एलएक्सकॅटवरून तक्ता घ्या, आणि त्यात लवचिक आणि खो वेगळे आहेत की एकत्र, हे तक्त्याखालच्या टिपणात वाचा. कोड सगळ्यात शेवटी. दोनशे ओळींत होतं, साधा लॅपटॉप पुरतो, आणि वर सांगितलेली निम्म्या ऊर्जेची टेस्ट पहिल्या दिवशीच लावा.

पुढच्या भागात इलेक्ट्रॉनच्या बाजूने बघू: आर्गॉनमध्ये संथ इलेक्ट्रॉन अणूला जवळजवळ न दिसल्यासारखा आरपार का जातो. प्रश्न असतील तर पाठवा, सुरुवात त्यांनीच करू. भेटू लवकरच.